दासगाव ते महाड : खाडीच्या काठाने पाच मैल

२० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन दिवशी महाडला जाणारा आपला समाज मोठा आहे. मुंबई, ठाणे, पुणे, रत्नागिरी, कुठून कुठून माणसे येतात. टेम्पो, एस.टी., खासगी बस, जे मिळेल त्याने. चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करायचे, क्रांतिस्तंभापाशी दोन मिनिटे उभे राहायचे, पुस्तकांच्या स्टॉलवरून एखादी पुस्तिका आणि नव्या वर्षाचे कॅलेंडर घ्यायचे, भाजी-भाकरी खायची आणि रात्रीच्या गाडीने परत. यात वावगे काहीच नाही. एक दिवसाची रजा, पोराबाळांचा लवाजमा आणि खिशातले मोजके पैसे यांत कष्टकरी माणसाला एवढेच जमते. पण महाड हे नदीकाठचे गाव आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? सावित्री नदी तळ्यापासून फार लांब नाही. बसच्या खिडकीतून ती क्षणभर दिसते आणि जाते.

म्हणून आमच्या विहारातल्या मंडळींनी असे ठरवले की एकदा महाडला चालत जायचे. मुंबईपासून नव्हे! दासगावपासून. दासगाव महाडच्या अलीकडे पाच मैलांवर, म्हणजे आजच्या हिशेबाने आठ किलोमीटरवर, सावित्रीच्या खाडीला लागून आहे. अकरा कुटुंबे निघाली, लहानथोर मिळून चौतीस माणसे. सर्वांत लहान मुलगी पाच वर्षांची आणि सर्वांत मोठ्या आमच्या वस्तीतल्या आजी, सत्तरी ओलांडलेल्या.

बैठकीत महिला मंडळाने आधी विरोध केला होता, तेही नमूद करतो. त्यांचे मुद्दे अगदी व्यवहाराचे होते. बायकांच्या सोयीचे काय, वाटेत पाणी कुठे मिळणार, महामार्गावर भरधाव ट्रक असतात तिथे पोरे सांभाळायची कुणी? पुरुष मंडळी सहली ठरवतात आणि डबे मात्र बायकांनी भरायचे, हेही एका ताईंनी सुनावले. शेवटी असे ठरले की डबे ज्याचे त्याने भरायचे, पाण्याचे दोन मोठे कॅन तरुणांनी आळीपाळीने उचलायचे आणि दासगावच्या एस.टी. थांब्याजवळ सर्वांनी आवरून घेऊन मगच पाऊल उचलायचे. हा ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या कचेरीतसुद्धा इतक्या लवकर फाईल हलत नाही.

दासगावच का, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर १९२७ च्या डिसेंबरात आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि परिषदेला जमलेल्या हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर मंडपात जेवत असलेल्या, रस्त्याने परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे १०८ घागरी पाणी उपसून, शेण-गोमूत्र ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. १९२४ च्या जानेवारीत तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने केला होता, तोही १९२७ च्या ऑगस्टमध्ये मागे घेतला. तेव्हा बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला पुन्हा परिषद बोलावली. रस्त्याने माणसे न्यायला मोटारवाले तयार नव्हते. मग बाबासाहेब आणि दोनशेच्या आसपास प्रतिनिधी २४ डिसेंबरला मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. रात्र सावित्रीच्या मुखाशी हरिहरेश्वरला काढली. दुसऱ्या दिवशी ‘अंबा’ नावाच्या बोटीने खाडीतून वर येत दुपारच्या सुमारास दासगाव बंदराला लागले. बंदरावर सुमारे तीन हजार सत्याग्रही वाट पाहत होते.

आता एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दासगावहून महाडपर्यंत बाबासाहेब पायी चालले, असे भाषणांतून पुष्कळदा ऐकू येते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. जिल्हाधिकाऱ्याचा निरोप घेऊन पोलीस अधिकारी बंदरावर आले होते. त्यांच्याबरोबर बाबासाहेब आणि सहस्रबुद्धे मोटारीने पुढे गेले, कारण तळ्यावर मनाई हुकूम होता आणि बोलणी करायची होती. चालले ते बाकीचे लोक. रांगा करून, घोषणा देत, गाणी म्हणत ते पाच मैल चालले. त्यांत गिरणीतले होते, गोदीतले होते, लष्करातून पेन्शनीत निघालेले होते, आणि ज्यांची नावे कुठल्याच वहीत नाहीत असे कितीतरी होते. आम्हाला त्यांची वाट चालायची होती.

खाजणाच्या बांधावर

दासगावला उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. डिसेंबरातला गारवा, खाडीवर पातळ धुके. आज दासगाव बंदरात आगबोट लागत नाही. मचवे आणि मासेमारीची होडकी चिखलात कललेली दिसतात. ओहोटी होती. पाणी मधल्या पात्रात गेले होते आणि दोन्ही काठांना काळा, चकचकीत चिखल उघडा पडला होता. त्यात निवट्या उड्या मारत होत्या. शहरातल्या पोरांनी मासा चिखलावर चालताना कधी पाहिला नव्हता. अर्धा तास तिथेच गेला.

दासगावचे नाव आपल्या इतिहासात आणखी एका माणसामुळे आहे. आर. बी. मोरे याच गावात वाढले. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत अस्पृश्य म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या कोवळ्या वयात त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून दाद मागितली आणि शाळेचे दार उघडायला लावले. महाडची परिषद भरवण्यामागे ज्यांची धडपड होती त्यांत मोरे अग्रभागी. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले म्हणून आपल्या व्यासपीठांवर त्यांचे नाव कमी घेतले जाते. आम्हाला हे योग्य वाटत नाही.

वाट अशी आहे. डाव्या हाताला डोंगर, पायथ्याने महामार्ग, उजव्या हाताला खाजणे आणि खाडी. खाजण म्हणजे खाडीला बांध घालून अडवलेली भातजमीन. काही ठिकाणी या बांधांवरून चालता येते. काही ठिकाणी बांध फुटलेला, नाहीतर झाडोऱ्याने गिळलेला, तेव्हा मुकाट्याने महामार्गावर यावे लागते. महामार्ग चौपदरी झाल्यापासून कडेने चालणे अधिकच जिकिरीचे झाले आहे, म्हणून पोरांना दोन मोठ्या माणसांच्या मध्ये एकेरी रांगेत घेतले. सरळ, अखंड पायवाट अशी नाही. नकाशात बघून कुणी निघाले तर फसगत होईल. गावकऱ्याला विचारत जावे. वाट सांगताना इथली माणसे चार पावले बरोबरही येतात.

भातकापणी कधीच झाली होती. खाचरांत रब्बीचा वाल टरारून वर आला होता. ज्या जमिनीत भात घेतले त्याच ओलीवर वाल, पाण्याची एक पाळीही न देता. रायगडच्या शेतकऱ्याचे हे जुने शहाणपण. बांधाच्या खालच्या अंगाला तिवर आणि चिप्पी, म्हणजे कांदळ. भरतीचे खारे पाणी पिऊन जगणारी ही झाडे. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, श्वास घ्यायला. वरच्या अंगाला करंज, भेंड, निगडी, कुठे पळस, आणि सगळीकडे माजलेली टणटणी. टणटणीचे काटे ओरबाडत जातात. लहान मुलांना लांब बाह्यांचे कपडे घालावेत.

पक्ष्यांची नावे आम्हाला फारशी येत नाहीत. आमची बी.कॉम.ची पदवी जमाखर्चाची! पण मंडळातले एक शिक्षक बरोबर होते. त्यांनी खंड्या दाखवला, पाणकावळा पंख पसरून खांबावर वाळत बसलेला दाखवला, घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार दाखवली. “टीटीव, टीटीव” करत टिटवी आमच्या पुढे पुढे उडत होती. एका ताईंनी सांगितले, “ती आपल्याला तिच्या घरट्यापासून लांब नेतेय.” शिक्षकांनी मान डोलावली, फक्त डिसेंबरात तिची अंडी नसतात, एवढी दुरुस्ती केली.

दासगावजवळच कोकण रेल्वेचा पूल सावित्रीवरून जातो. एक मालगाडी धडधडत गेली तेव्हा पोरांनी डबे मोजले. पण या पुलाबद्दल आणि त्याच्या भरावाबद्दल महाडकरांची तक्रार आहे. पुराचे पाणी भरावाने अडते आणि मागे महाडात तुंबते, असे ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. २२ जुलै २०२१ ला महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, माणसे माड्यांवर अडकून पडली, आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत याच दासगावात, आणि जुई, कोंडिवते, रोहण या गावांत दरडींनी दीडशेहून अधिक बळी घेतले. हिरवागार म्हणून आपण ज्या डोंगराचे फोटो काढतो, त्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांची जुलैतली झोप कशी असेल याचा विचार शहरातल्याने करावा. २०२१ नंतर नदीतला गाळ काढण्याची, पात्रात साचलेली बेटे हटवण्याची कामे झाली. त्यामुळे काठ काही ठिकाणी उकरल्यासारखा दिसतो.

वहूरच्या पुढे एका मोठ्या झाडाखाली डबे उघडले. चटणी-भाकरी, अंड्याची पोळी, एकीने चक्क बोंबलाचे सुके आणले होते. तोपर्यंत भरती सुरू झाली होती. ज्या चिखलात सकाळी निवट्या होत्या तिथे आता पाणी चढत होते, आणि चढत होते ते उलटे, समुद्राकडून डोंगराकडे. नदी उलटी वाहते हे पाहून पोरे थक्क झाली.

इथेच आठवीतल्या एका मुलाने तो प्रश्न विचारला. “काका, एवढी मोठी नदी होती ना इथे? मग लोक तळ्याचे पाणी का मागत होते? नदीचे प्यायचे ना!”

प्रश्न चुकीचा नव्हता. हाच प्रश्न आम्ही कचेरीत, चहाच्या टेबलावर, कुत्सित सुरात ऐकला आहे. फरक एवढाच की हा मुलगा खरोखर विचारत होता. शिक्षकांनी त्याला काही सांगितले नाही. “जा, हात बुडवून बोट चाटून बघ,” असे म्हणाले. काठ उथळ आणि मोकळा होता. एका तरुणाने त्याचा हात धरला. मुलाने बोट चाटले आणि थुंकला. खारट! समुद्राची भरती महाडपर्यंत पोचते. इथे नदी डोळ्यांना मोठी दिसते, तहानेला तिचा उपयोग नाही.

आजी झाडाला टेकून बसल्या होत्या. त्या मूळच्या कृष्णाकाठच्या, सातारा जिल्ह्यातल्या. त्या म्हणाल्या, “पोरा, गोडी नदी असती म्हनून काय व्हतंय? आमच्या गावाला व्हती की नदी. वरल्या अंगाला त्यांचा पानवठा, खालच्या अंगाला आमचा. वर म्हशी धुवायच्या, धुनी व्हायची, आन् त्येच पानी खाली आमच्या घागरीत. पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात झऱ्यापाशी रातभर बसायचं. माझी आई वाटी-वाटीनं भरायची.” एवढे बोलून त्यांनी बाटली तोंडाला लावली. पोरे गप्प झाली होती.

मग आम्ही एक आकडा सांगितला. हिशेबाच्या माणसाच्या डोक्यात आकडेच राहतात. मार्च १९२७ च्या परिषदेला जमलेल्या लोकांना प्यायला पाणी हवे होते. ते परिषदेच्या जागी कुठेच मिळत नव्हते म्हणून सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. चाळीस रुपयांचे पाणी! १९२७ साली चाळीस रुपये म्हणजे गिरणीतल्या कितीतरी कामगारांचा महिन्याचा पगार. गावाला दोन नद्या, गावात तळे, त्या तळ्यावर सर्वांना पाणी देण्याचा नगरपालिकेचा ठराव, आणि तरी दोन दिवसांच्या पाण्याचे चाळीस रुपये. डिसेंबरात तर महाडच्या व्यापाऱ्यांनी सामान द्यायचेच नाकारले, तेव्हा धान्यसुद्धा बाहेरून आणावे लागले.

पाण्याशिवाय आपण मेलेलो नाही, पुढेही मरणार नाही, तळ्यावर जायचे ते आपणही माणसे आहोत हे ठरवण्यासाठी, अशा अर्थाचे बाबासाहेबांनी त्या डिसेंबरात मांडले होते. हे वाक्य आम्ही विहारात कितीदा तरी सांगितले असेल. पण तोंडात खारट चव असलेल्या त्या मुलाला ते जसे कळले तसे फळ्यावर लिहून कळले नसते, एवढे खरे. त्याने पुढे विचारले, “मग परत पाणी प्यायले का, डिसेंबरमध्ये?” नाही. कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम होता. लोक सत्याग्रहाला उतावीळ होते, नावे नोंदवून बसले होते. बाबासाहेबांनी त्यांना थोपवले आणि २७ डिसेंबरला तळ्याभोवती मिरवणूक काढून, पाण्याला हात न लावता लोक परतले. निकाल हायकोर्टातून पूर्ण लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे! “दहा वर्षे तारखाच?” मुलगा म्हणाला. त्याच्या वडिलांची गिरणीच्या थकबाकीची केस चालू आहे. त्याला तारीख म्हणजे काय ते माहीत आहे.

मगरींचा मुलूख

केंबुर्लीच्या पुढे आम्ही मुलांना पाण्याच्या जवळ जाऊ दिले नाही. महाडच्या आसपास सावित्रीत मगरी आहेत, आणि त्या काही ऐकीव नाहीत. पलीकडच्या काठावर एक ओंडका पडला होता. पोरे म्हणाली मगर. आम्ही म्हणालो ओंडका. थोड्या वेळाने ओंडका सरकला आणि पाण्यात गेला.

या मगरींवर उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या अभ्यासकांनी निरीक्षणे केली आणि २०२३ साली ती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यात दोन गोष्टी विलक्षण आहेत. एक, लोकांनी नदीत सोडलेल्या झेंडूच्या फुलांच्या मध्ये या मगरी पडून राहतात, जणू फुले त्यांना आवडतात. झेंडूत जंतुनाशक गुण असतात आणि कातडीला त्याचा उपयोग होत असावा, असा त्यांचा अंदाज. दुसरी गोष्ट, भटक्या कुत्र्यांनी पाठलाग केल्यामुळे एक कुत्रे नदीत शिरले. जवळ तीन मगरी होत्या. त्यांनी त्याला खाल्ले नाही. नाकाने ढकलत ढकलत काठाला लावले. भूक नसेल, असे आमच्यातला एकजण म्हणाला. असेलही. अभ्यासकांनी मात्र त्याची वेगळी नोंद करावी असे त्यांना वाटले. म्हणून मगर मवाळ झाली असे कुणी समजू नये. कपडे धुणाऱ्या, मासे धरणाऱ्या काठच्या माणसांना ती भीती रोजचीच आहे.

माणसाने मात्र नदीला फार झेंडू दिलेला नाही. वर बिरवाडीकडे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. हजारो घरांची चूल त्यावर पेटते, त्यात आपलीही घरे आहेत, म्हणून कारखाने नकोत असे आम्ही म्हणणार नाही. पण कष्टकऱ्याला पगारही हवा आणि नदीही हवी, यांतले एकच निवड असे त्याला का सांगितले जाते? वाळूचा उपसा तर आम्ही डोळ्यांनी पाहिला. काठावर वाळूचे ढीग, पंपाचे पाइप, आणि विचारले तर सगळे शांत.

पांडवांची नव्हे, भिक्खूंची

गांधारपाले गावाशी डोंगर अगदी रस्त्याला येऊन भिडतो. वर लेणी आहेत. गावात आणि काही पाट्यांवर त्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात. महाराष्ट्रात जिथे जिथे भिक्खूंनी डोंगर खोदला तिथे तिथे नंतर पांडव येऊन राहिले, असा आमचा अनुभव आहे! ही सगळी बौद्ध लेणी आहेत. लहान-मोठी मिळून तीसच्या घरात. पायऱ्या चढून जाताना दम लागतो, पण आजी दोन ठिकाणी बसून वर पोचल्या.

मोठ्या लेण्याच्या ओसरीत खांब आहेत, आत बुद्धमूर्ती आहे. सर्वांनी तिथे त्रिशरण-पंचशील घेतले. आवाज दगडात घुमत होता. पाच वर्षांच्या मुलीला त्याची इतकी गंमत वाटली की तिने “साधु, साधु” पाच-सहा वेळा म्हटले.

पण आम्हाला जास्त थांबवले ते एका ब्राह्मी लेखाने. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी विष्णुपालित नावाच्या कुमाराने इथे दान दिले. काय दिले त्याची यादी दगडात आहे. लेणे, चैत्यगृह, राहायच्या आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही अंगांना पाण्याची टाकी, आणि लेण्याला जोडणारी वाट. टाक्याला त्या लेखात ‘पोढी’ असा शब्द आहे. म्हणजे याच महाडच्या वेशीवर, कुणीतरी पाणी आणि वाट ह्या दोन गोष्टी दान म्हणून दिल्या, त्या दिल्याचे कायमचे लिहून ठेवले, आणि ज्या संघाला दिल्या त्या संघात न्हावी उपाली आणि रस्ते झाडणारा सुनीत भिक्खू होऊन गेले होते. आनंदाने चांडाळ मुलीकडे विहिरीवर पाणी मागितले ती गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. लेण्यातले टाके पाहताना मुलांना ती आपोआप आठवली. टाक्यातले पाणी आज पिण्याजोगे नाही. त्यात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. तरुणांनी जेवढ्या हाताला लागल्या तेवढ्या काढून पिशवीत भरल्या. काही बाटल्यांवर आपल्याच एका कार्यक्रमाचे स्टिकर होते.

लेण्यांच्या ओसरीत बसले की खाली सगळा मुलूख दिसतो. समोर सावित्रीचे रुंद पात्र, रायगडाकडून येऊन तिला मिळणारी गांधारी, दोन्हींच्या बेचक्यात महाडची घरे. खाडीपलीकडच्या डोंगरांमागे मंडणगड तालुका, त्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. नदीच्या वरच्या अंगाला, पोलादपूरच्या वाटेवर, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इंग्रजांच्या काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. बस माणसांसह वाहून गेल्या. आमच्यातल्या एकाचे साडू त्याच महिन्यात तिकडे ड्यूटीवर होते, ते सांगताना त्याचा आवाज खाली आला. वर्षाच्या आत नवा पूल उभा राहिला. आजी बराच वेळ नदीकडे बघत होत्या. म्हणाल्या, “हितनं सगळं दिसतंय. त्या दिवशी चालत येनाऱ्या लोकान्लाबी दिसलं असंल.” १९२७ सालच्या त्या रांगा डोंगराच्या पायथ्यानेच गेल्या असणार.

त्यांत परिषदेला आलेल्या बायकाही होत्या, हे महिला मंडळाने आम्हाला आठवण करून दिले, आणि लिहायला सांगितले. परिषदेनंतर बाबासाहेबांनी बायकांची वेगळी सभा घेतली. गुडघ्यावर लुगडे नेसणे, हातापायांत जड कथलाचे दागिने, ही जातीची ओळख टाकून द्या, असे त्यांना सांगितले. बायकांनी तिथेच नेसण बदलली. परिषदेसाठी एकाही हिंदूने जागा दिली नव्हती, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली, हेही सांगायला हवे. त्या मंडपासमोर २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली.

चारच्या सुमारास खाली उतरलो आणि गांधारीच्या पुलापाशी चाल संपवली. पुढे वेस, मग बाजारपेठ, मग रिक्षांचे हॉर्न आणि २५ डिसेंबरची गर्दी. आजींना आणि लहानांना रिक्षाने तळ्याकडे पाठवले. बाकीच्यांनी पुलाच्या कठड्याशी उभे राहून उरलेले पाणी वाटून प्यायले. दोन्ही कॅन रिकामे झाले होते. चौतीस माणसांना आठ किलोमीटरला चाळीस लिटर पाणी लागले. पुढच्या वेळी पन्नास घ्यायचे ठरले आहे.

महाडच्या सत्याग्रहाची शताब्दी २०२७ ची आहे. त्यानिमित्त कुणा मंडळाला ही वाट चालायची असेल तर थोडी माहिती देतो. दासगावला महामार्गावरच्या एस.टी.ने उतरता येते. रेल्वेने यायचे तर वीर स्थानक जवळ आहे, तिथून रिक्षा मिळते. मुलांना घेऊन रमतगमत चालले तर लेण्यांसह सहा ते सात तास धरावेत. पावसाळ्यात आणि मार्चच्या दुपारी लहान मुलांना घेऊन जाऊ नये, डिसेंबर उत्तम. भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी. ओहोटीला निघाले तर बांध कोरडे मिळतात. पाण्यात कुणी उतरू नये. लेण्यांवर अंधार पडायच्या आत खाली यावे, पायऱ्यांवर दिवे नाहीत. परतीच्या गाडीचे आरक्षण त्या दिवशी मिळत नाही, ते आधीच करून ठेवावे.